पथ्याचे पान

हृदयविकार होऊन गेलेल्या मनुष्याने घराचा उंबरठा जपूनच ओलांडावा असा एके काळी वैद्यांचा दंडक होता. परंतु मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवून हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिनीत धातूची जाळी बसविण्याचे कसब वैद्यकाला साधल्यापासून तो दंडक रद्दबातल ठरला आहे, आणि माझ्यासारख्या पेन्शनराला प्रवासाची नुसती मुभाच नव्हे तर शिफारसही मिळू लागली आहे. अडते ते अन्नापाशी. घरी तेलाची पळी सूनबाईंच्या हाती असते आणि त्या पळीवर सौभाग्यवतींची नजर असते, त्यामुळे पथ्य पाळल्याचे पुण्य मला आयतेच मिळते; घर सोडले की ती पळी परक्याच्या हाती जाते, आणि तो परका तर मुदपाकखान्याच्या भिंतीआड उभा असल्यामुळे आपल्या दृष्टीसही पडत नाही.

दिवाळीच्या सुटीत नातवंडांनी शिर्डीचा हट्ट धरला. आमच्या पिढीला शिर्डी म्हणजे समाधिमंदिर, द्वारकामाईतली अखंड धुनी आणि गुरुस्थानाचा कडुनिंब. या मुलांना शिर्डी म्हणजे उंच घसरगुंड्यांचे जलउद्यान आणि ‘साईतीर्थ’ नावाचे, भक्ती व करमणूक एकाच तिकिटात देणारे मनोरंजन-नगर. दोन्ही पिढ्यांचे समाधान एकाच गावी होत असल्यामुळे घरात मसलत फार चालली नाही. चिरंजीवांनी गाडीचा बंदोबस्त केला, सौभाग्यवतींनी भाजलेल्या फुटाण्यांचा डबा आणि माझ्या गोळ्यांची पिशवी घेतली, आणि डॉक्टरांचा कागद मी स्वतः खिशात ठेवला. त्या कागदात तळण सर्वस्वी वर्ज्य, लोणचे-पापड वर्ज्य, साय आणि लोणी वर्ज्य, आणि दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, असा सगळा तपशील होता. हे पाच ग्रॅमांचे माप जागतिक आरोग्य संघटनेचे आहे, म्हणजे ते निरोग्यांनाही लागू आहे; पण निरोगी माणसाला कागद कोण देतो?

नाशिकहून सकाळी निघायचे आणि मिसळ खायची नाही, हा आमच्या गावच्या दृष्टीने जवळजवळ दखलपात्र गुन्हा आहे. गंगापूर रस्त्याला आणि मखमलाबादकडे मळ्याच्या मोकळ्या जागेत, चुलीच्या धुरात, सुटीच्या दिवशी अवघी कुटुंबेच्या कुटुंबे मिसळीसाठी वाट पाहत बसलेली दिसतात, आणि तिथे वाढप्याचा आग्रह असा की वाटी रिकामी राहिली तर त्याला तो स्वतःचा अपमान वाटावा. गंमत अशी की या बदनाम पदार्थाच्या तळाशी जे आहे ते पथ्याचेच आहे. मोड आलेली मटकी, तिच्यावर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, यापेक्षा हृदयाला मानवणारे अन्न कोणत्या रुग्णालयात मिळणार? अपाय होतो तो वरून येणाऱ्या लाल तर्रीचा आणि फरसाणाचा. आणि आमच्या नाशिकची एक रीत रोग्याच्या पथ्यावर पडणारी आहे: इथे रस्सा आणि तर्री बहुधा वेगळ्या भांड्यात येते, मटकीवर आधीच ओतलेली नसते. “फरसाण नको, तर्री नको, पापड परत न्या, मटकी मात्र दुप्पट,” असे मी सांगितले तेव्हा वाढपी क्षणभर माझ्याकडे, मग सौभाग्यवतींकडे पाहून म्हणाला, “आजोबांचं ऑपरेशन झालंय का?” आणि उत्तराची वाट न पाहता दह्याची वाटी माझ्यापुढे सरकवून निघून गेला. आग्रहाची जात अशी असते. तिला नकार नको असतो, दुसरे काहीतरी वाढण्याची वाट हवी असते.

नाशिकरोड मागे पडले, शिंदे-पळसे गेले आणि मोहदरीचा घाट चढून गाडी सिन्नरच्या पठारावर आली. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे टेकड्यांवरचे गवत अजून पिवळे पडायचे होते, पण सिन्नरच्या पूर्वेकडे जसजसे जावे तसतशी माती उघडी पडत जाते आणि हा अवर्षणाचा मुलूख आहे याची आठवण करून देते. सिन्नरला गोंदेश्वराच्या दर्शनासाठी मी गाडी थांबविली. देवगिरीला जाण्यापूर्वी यादवांचे ठाणे या परिसरात होते, आणि त्यांच्या वैभवाची साक्ष म्हणून काळ्या पाषाणाचे हे पंचायतन आजही उभे आहे. मध्ये शिव आणि चारी कोपऱ्यांना चार लहान देवळे. नातवंडांना शिल्पातले हत्ती आवडले आणि मला तिथली सावली.

या देवळाला लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात. वास्तविक देऊळ हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या, आधीचे आहे. पण हेमाद्री पंडिताची आठवण त्या दिवशी मला निराळ्या कारणाने झाली. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा हा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तरप्रमुख, दप्तरांचा जितका जाणकार तितकाच वैद्यकाचा होता, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्या ग्रंथात आहाराच्या मात्रेवर एक स्वतंत्र अध्याय असून, पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने आणि एक पेयाने भरावा व चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असा हिशेब त्यात सांगितला आहे. बाजरी महाराष्ट्रात हेमाडपंतानेच आणली, अशीही लोककथा आहे. कथेला इतिहासाचा आधार कितपत असेल ते असो. ज्या प्रधानाने आहाराच्या मात्रेवर टीका लिहिली, त्याच्याच नावावर लोकांनी बाजरीही जमा करावी, हे मला मोठे न्यायाचे वाटते.

देवळाबाहेर एका ओट्यावर काही बाया विड्या वळत बसल्या होत्या. सिन्नरच्या विड्या प्रसिद्ध आहेत, आणि या धंद्याने या कोरड्या तालुक्यातल्या किती चुली पेटत्या ठेवल्या याची गणती करणे कठीण. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा तंबाखूइतका वैरी दुसरा नाही. मी स्वतः कचेरीत असताना विडी सोडून सिगारेटकडे बढती घेतलेली, त्यामुळे त्या ओट्यासमोर उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता.

पांगरी, वावी अशी गावे ओलांडताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखालची एक खाणावळ दिसली. तिथे पाटी नव्हती, छापील दरपत्रक नव्हते. चुलीपाशी एक बाई भाकरी थापीत होती आणि तिचा मुलगा पाण्याचे तांबे भरीत होता. नाशिकच्या हॉटेलात आपण आधी पदार्थ मागतो आणि मग भाव विचारतो; इकडे आधी माणूस बसतो आणि जे शिजले असेल ते त्याच्यापुढे येते. त्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे शिजले होते. ज्या वाचकांना हा पदार्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात लसूण, जिरे आणि तिखट घालून ते घट्ट मळायचे, त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करून टोके जुळवायची, आणि त्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवायच्या, पीठ सुटून जो दाट रस होतो तोच कालवण. नगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्याचे हे थंडीतले अन्न. यात तळण नाही, साय नाही, खोबऱ्याचे वाटणही असलेच तर नावापुरते.

“बाई, तेल किती घालता?” असा माझा चौकशीचा सरकारी प्रश्न. तिने भाकरीवरची नजर न काढता उत्तर दिले, “फोडनीपुरतं, बाबा. हुलग्याला तेल काय करायचंय? आन् तेल आसतंय कुठं एवढं!”

त्या शेवटच्या वाक्याने माझी जीभ क्षणभर अडखळली. जे पथ्य म्हणून मी शहरातून कागदावर लिहून आणले होते, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या टंचाईने पाळले होते. आणि टंचाईला पथ्य म्हणून गौरविणे हा सुखवस्तू माणसाचा उद्धटपणा आहे. तेवढे भान ठेवून मी बाजरीची भाकरी, शेंगोळे आणि मुळ्याचा पाला यांचे जेवण केले. मीठ थोडे जास्त होते. सूनबाईंनी मुलांसाठी वेफर्स आहेत का असे विचारले, तेव्हा तो पाणी भरणारा मुलगा धावत पलीकडच्या टपरीतून दोन पुडे घेऊन आला. टंचाईच्या मुलखातही हा जिन्नस आता सर्वत्र मिळतो.

शिर्डीचे जलउद्यान हे एक निराळेच संस्थान आहे. दाराशीच पिशव्यांची झडती होते, कारण बाहेरचे खाद्य आत नेण्यास मनाई, हा अशा बहुतेक उद्यानांचा दस्तुर आहे. आमच्या पिशवीतला फुटाण्यांचा डबा पहारेकऱ्याच्या हाती लागला, तेव्हा मी खिशातला कागद एखाद्या सनदेसारखा पुढे केला. त्याने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, “साईराम, काका. औषधाबरोबर खायचंय ना? मग राहू द्या.” शिर्डीत सगळेच एकमेकांना साईराम म्हणतात, रिक्षावाला भाडे सांगताना म्हणतो, फुलवाला हाराचा भाव पाडून देताना म्हणतो आणि न देतानाही म्हणतो. आमच्या रामकुंडावर राम साक्षात वावरले अशी श्रद्धा असूनही एवढा नामजप व्यवहारात उतरलेला नाही.

आत पाण्याचा गदारोळ. लहानथोर सगळे नायलॉनच्या एकसारख्या पोशाखात असल्यामुळे सावकार कोण आणि कारकून कोण हे ओळखू येत नव्हते. अशी समता मी आजवर पंढरीच्या वाळवंटाखेरीज पाहिली नव्हती. मुले घसरगुंडीच्या रांगेत गेली आणि मी भोजनविभागाची पाहणी करू लागलो. अशा ठिकाणी तळणाचे राज्य का असते याचा विचार केला तर त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. भिजून, दमून, भुकेलेली हजार माणसे एकाच तासात येतात. बटाट्याच्या सळ्या उकळत्या तेलातून चार-पाच मिनिटांत निघतात, त्यांना शिजविणाऱ्याचे विशेष कौशल्य लागत नाही, आणि खारट खाल्ल्यावर थंड पेय विकत घेतले जाते. तेलाचा एक ग्रॅम नऊ कॅलरी देतो, धान्याचा चार. म्हणजे थोड्या जागेत, थोड्या वेळात पोट भरल्याची भावना तळणानेच येते. पूर्वी यात वनस्पती तुपाचे संकटही मोठे होते. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याने आमच्या बालपणीच्या सगळ्या लग्नांचे बुंदीचे लाडू वळले. आता निदान कायद्याने थोडा लगाम घातला आहे: तेला-तुपातील ट्रान्स-मेद २०२२च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, आणि तळून तळून तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल कढईत ठेवता कामा नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा हुकूम आहे. हुकूम आणि कढई यांची भेट घालून देणारा निरीक्षक मात्र प्रत्येक कढईपाशी असू शकत नाही.

या प्रकारच्या उद्यानांचा मूळपुरुष जो वॉल्ट डिस्ने, त्याने १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे पहिले नगर वसविले, आणि पुढे अर्ध्या शतकाने, २००६ साली, त्याच्या कंपनीला मुलांच्या ताटाविषयी नियम जाहीर करावे लागले. मुलांच्या जेवणातील उष्मांकांपैकी मेदाचा वाटा ३० टक्क्यांच्या आत असावा, हा त्यातला एक. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो की तिथे पथ्याचा मनुष्य आला तर मुख्य आचारी स्वतः बाहेर येऊन त्याच्याशी बोलतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात होती. म्हणून पैसे घेणाऱ्या खिडकीशी मी हुज्जत घातली नाही; त्या खिडकीतल्या तरुणाच्या हाती छापील यादीपलीकडे काही नव्हते, आणि यादीत ‘बटर डोसा’ असेल तर तो बटरसकटच येणार. मी सरळ तव्यापाशी गेलो. तिथे घामाघूम झालेला एक आचारी एका हाताने पीठ पसरीत होता आणि दुसऱ्या हाताने लोण्याचा गोळा फिरवीत होता. मी म्हटले, “दादा, मला लोणी बंद आहे. कोरडा डोसा जमेल का?”

“मग चव कशाची येणार, आजोबा?”

“सांबाराची.”

तो हसला, तव्यावर पाणी शिंपडून फडक्याने पुसले, आणि तेलाचा नुसता हात फिरवून माझा डोसा घातला. वर वाटीऐवजी वाडगाभर सांबार दिले, ज्यात तुरीची डाळ, भोपळा आणि शेवग्याच्या शेंगा होत्या. “माझ्या वडिलांचंबी बायपास झालंय,” तो दुसरा डोसा उलटता उलटता म्हणाला. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी हे सर्व ऐकून, जरा दबक्या आवाजात, स्वतःसाठीही कोरडाच डोसा मागितला. त्यांच्या पत्नीच्या चेहऱ्यावरून हे पथ्य तिकडेही लागू असावे आणि आतापर्यंत पाळले जात नसावे, असे मला वाटले.

आपल्या लोकांना मागायची लाज वाटते. पंगतीत ‘नको’ म्हणणे उद्धटपणाचे आणि हॉटेलात ‘असे करून द्या’ म्हणणे चोचल्याचे, अशा दोन संकोचांमध्ये आमचा हृद्रोगी सापडतो, आणि मग घरी येऊन रक्ततपासणीचा अहवाल लपवितो. पथ्याचे अन्न यादीत शोधून सापडत नाही. ते शिजविणाऱ्या माणसाकडे असते, आणि त्याला ते देण्यात बहुधा आनंदच वाटतो.

संध्याकाळी ‘साईतीर्था’त गेलो. तिथे एका वाहनात बसवून देशभरच्या प्रसिद्ध देवळांच्या प्रतिकृतींमधून फिरवून आणतात, आणि ‘लंकादहना’च्या खेळात खुर्ची हलते, अंगावर वारा येतो. धाकट्या नातीने हनुमंताच्या शेपटीला आग लागताच माझा दंड धरला. माझ्या हृदयाने हे सारे शांतपणे सोसले.

रात्री मुलांना पिझ्झ्याची आठवण होऊ लागली होती, पण आमची रवानगी सौभाग्यवतींनी संस्थानच्या प्रसादालयाकडे केली. हे प्रसादालय पाहण्यासारखे आहे. छतावर सूर्याकडे तोंड करून मोठमोठ्या अंतर्वक्र आरशांच्या ७३ तबकड्या बसविल्या आहेत. २००९ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर डाळ-भाताचे प्रचंड हंडे शिजतात. हजारो माणसांचे अन्न शिजवायचे म्हणजे तेलाचा हात सढळ ठेवणे परवडतच नाही, आणि वाफेला तेलाची गरजही नसते. पोळी, भात, वरण, दोन भाज्या आणि एक गोड पदार्थ, असे ते ताट. वाढपी मोठ्याने पदार्थाचे नाव घेत जातो. थांबत नाही, आग्रह करीत नाही, हात आडवा केला की पुढे सरकतो. नाशिकच्या पंगतीत वाढलेल्या मला ही अनाग्रही वाढणी प्रथम कोरडी वाटली; पण थोड्याच वेळात ध्यानात आले की रोग्याला याहून मोठे सौजन्य दुसरे नाही. गोड पदार्थ मात्र प्रसाद, तो नाकारवेना. त्यातला एक घास घेऊन बाकीचा नातवाच्या ताटात ठेवला, आणि त्यानेही प्रसादाचा मान पूर्णपणे राखला.

जेवताना मला दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’तील हंडीची कथा आठवली. वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट गोविंद रघुनाथ दाभोलकर यांना साईबाबांनी हेमाडपंत हे नाव दिले, आणि सिन्नरला मनात आलेला तो यादवांचा प्रधान अशा रीतीने माझ्याबरोबर शिर्डीपर्यंत आला. बाबा स्वतः बाजारात जाऊन जिन्नस निवडीत, स्वतः मसाला वाटीत आणि मोठ्या हंडीत शिजवून लोकांना वाढीत. त्यात कधी गोड भात असे, कधी मांसाचा पुलाव, कधी वरणात सोडलेली कणकेची मुटकुळी, आणि कधी जोंधळ्याच्या पिठाची ताक घातलेली अंबील. माझ्या डॉक्टरांपुढे ही यादी ठेवली तर अंबिलीवर ते निःशंकपणे सही करतील. आजच्या शिर्डीत शेकडो हॉटेलांच्या पाट्यांवर पंजाबी, गुजराती, चिनी असे सर्व प्रांत सुखाने नांदतात. अंबिलीची पाटी मला तरी कुठे आढळली नाही. जलउद्यानात एका खिडकीपाशी थंड पेयाऐवजी मडक्यातली अंबील आणि उकडलेल्या मटकीची वाटी ठेवली, तर चालकांचे नुकसान होणार नाही. भिजून आलेल्या पोरांना ऊब मिळेल, आणि आमच्यासारख्यांना तव्यापाशी जाऊन विनवणी करावी लागणार नाही. संबंधितांनी हा अर्ज समजावा.

दुसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी राहात्याच्या बाजूला थोडे पुढे गेलो. दारणेच्या आणि गोदावरीच्या पाण्याने, म्हणजे आमच्याच नाशिकच्या पावसाने, नांदूर-मध्यमेश्वराच्या कालव्यांवाटे ही जमीन भिजविली आहे. एका अंगाला उसाचे फड, दुसऱ्या अंगाला पेरूच्या बागा. याच तालुक्यात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्यामुळे गोडाविषयी तक्रार करण्याची ही जागा नव्हे. पण पेरू हे फळ मोठे गुणी: तंतू भरपूर, साखर बेताची, मेद जवळजवळ नाही, आणि पोटॅशियम असे की रक्तदाबाच्या रोग्याने आनंदाने खावे. रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या मांडून बसलेल्या असतात आणि गिऱ्हाईक दिसताच पेरू चिरून पुढे करतात.

या वाटेने जाणाऱ्या आणि माझ्यासारखा कागद खिशात बाळगणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे आहे की राहात्याचा पेरू अवश्य घ्यावा, परंतु बाई चिरू लागली की लगेच बोलावे. ती विचारत नाही, पेरू उघडताक्षणी त्यावर तिखट-मीठ भुरभुरते.